सिंधुदुर्ग पहिल्यांदा बघणार? मग जिल्हा उभा नको, आडवा फिरा

थंडी पडायला लागली की मला हमखास फोन येतात. "चार दिवस आहेत, सिंधुदुर्गात चाललोय, एवढी यादी झाली आहे, आणखी काय घालू?" यादी बहुतेकांची सारखीच असते: विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, रेडी आणि जमलं तर आंबोली. माझं उत्तरही ठरलेलं असतं. घालू काही नका, आधी अर्धी यादी काढा.

नकाशावर ही गावं एका माळेत ओवल्यासारखी दिसतात. १२० किलोमीटरच्या आसपास किनारा आहे, म्हणजे वरून खाली गाडी हाणली की संपलं, असं वाटतं. पण या माळेत खाड्या आहेत. वाघोटन, देवगड, आचरा, कालावल, कर्ली आणि अगदी खाली गोव्याच्या हद्दीवर तेरेखोल. प्रत्येक खाडी आली की रस्ता समुद्र सोडून आत वळतो, पुलापर्यंत जातो आणि पुन्हा बाहेर येतो.

मी स्वतः यात फसलोय. एका हिवाळ्यात संध्याकाळी भोगव्याच्या किनाऱ्यावर निवांत बसलो होतो. कर्ली खाडीच्या पलीकडे देवबागचे माड दिसत होते आणि आमची रात्रीची खोली त्याच माडांखाली होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. होड्या बंद झालेल्या, म्हणून गाडी काढली. परुळं, नेरूरपार, चौके, मालवण, तारकर्ली असा वळसा घालून पोचलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आमची वाट बघून आमटी दुसऱ्यांदा गरम केली होती.

पहिलं काम: पट्टा निवडा

१ मे १९८१ रोजी हा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. आठ तालुके आहेत: देवगड, मालवण आणि वेंगुर्ला समुद्राकाठचे, बाकीचे वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग. जिल्हा लांबुळका असला तरी रुंदीला अगदी कमी. समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर. एवढ्यात तीन वेगळे मुलूख मावलेत. पश्चिमेला वाळू, माड आणि खाड्या. मध्ये जांभ्याचे सडे, काजू-आंब्याच्या बागा, हायवे आणि रेल्वे. पूर्वेला सह्याद्रीचा कडा आणि दाट जंगल.

म्हणून पहिल्या फेरीला जिल्हा आडवा कापा. समुद्राकडून निघा आणि घाटाकडे जा. असे तीन पट्टे पडतात. उत्तरेला विजयदुर्ग, देवगड, कणकवली आणि फोंडाघाट. मध्ये मालवण, धामापूर आणि कुडाळ. दक्षिणेला वेंगुर्ला, सावंतवाडी आणि आंबोली. चार दिवस असतील तर मधला आणि दक्षिणेचा पट्टा घ्या, दोन रात्री मालवणच्या बाजूला आणि दोन सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे. उत्तरेचा पट्टा दुसऱ्या खेपेला ठेवा. देवगडकर रागावतील, पण विजयदुर्गासारखा किल्ला घाईत उरकणं जास्त वाईट.

दुसरं: महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सरळ मामला. समुद्र शांत, पाणी निवळलेलं, रात्री अंगावर चादर लागते. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मात्र टाळा. तेव्हा मालवणच्या बाजारपेठेत गाडी वळवणं हाच एक साहसी खेळ असतो.

एप्रिल-मे म्हणजे आंबा, फणस, करवंदं आणि घामाच्या धारा. शिवाय मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. गणपतीत तर विचारूच नका. त्या दिवसांत इथे पाहुणा म्हणून यायचं असेल तर कुणाच्या तरी घरचं आमंत्रण हवं.

पावसात समुद्राचा नाद पूर्ण सोडायचा. मे अखेरीपासून किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते सप्टेंबरच्या आसपास पुन्हा सुरू होतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. याच दिवसांत आंबोली मात्र ऐन भरात येते. थोडक्यात, एका फेरीत निळा समुद्र आणि कोसळणारे धबधबे दोन्ही मिळत नाहीत. डिसेंबरात आंबोलीला जाऊन "धबधबा कुठाय?" म्हणून विचारणारे दरवर्षी भेटतात.

तिसरं: उतरायचं कुठे

मुंबईहून येणाऱ्यांसाठी रेल्वेच बरी. कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी कुडाळला सोडते. तुतारी दादरहून सुटते आणि सावंतवाडीपर्यंत जाते. तुतारीची एक खुबी ध्यानात ठेवा: ती मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. हे न कळल्यामुळे फलाटावर तोंड पाडून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत बघता बघता संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका.

दुसरी फसगत स्टेशनच्या नावाची. 'सिंधुदुर्ग' नावाचं स्टेशन आहे, पण ते ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ. सिंधुदुर्ग किल्ला तिथून तीसेक किलोमीटरवर, मालवणच्या समुद्रात. मालवणला जायचं असेल तर कुडाळला किंवा कणकवलीला उतरा, तिथे गाड्याही जास्त थांबतात. वेंगुर्ला आणि आंबोलीसाठी सावंतवाडी रोड. हे स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे, तेव्हा रिक्षाचे पैसे धरून चाला.

पुण्या-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी घाट निवडायचा. मालवणसाठी राधानगरीवरून फोंडाघाट, सावंतवाडीसाठी आजऱ्यावरून आंबोली. पावसाळ्यात निघण्याआधी त्या बाजूच्या कुणालाही फोन करून दरड आली आहे का विचारा. विमानाने यायचं तर गोव्यातलं मोपा सोयीचं, तिथून सावंतवाडी तासाभराच्या अंतरावर आहे. परुळ्याजवळ चिपीलाही विमानतळ आहे, २०२१ साली सुरू झालेला, पण तिथली उड्डाणं कधी चालू तर कधी बंद, तेव्हा आधी खात्री करा.

चौथं: आतल्या आत फिरायचं कसं

स्वतःची गाडी नसेल तर घाबरायचं कारण नाही. लाल एस.टी. वाड्यावाड्यांपर्यंत जाते आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. नियम एकच: कुठेही उतरलात की पहिला प्रश्न कंडक्टरला, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" खेडेगावांत संध्याकाळनंतर जी येते ती वस्तीची गाडी. ती रात्री तिथेच मुक्काम करते आणि पहाटे निघते. तिची वाट बघत बसलात तर तुमचाही मुक्काम तिथेच.

रिक्षा मीटरवर चालत नाहीत. दिवसभरासाठी ठरवलीत तर थांबण्याची ठिकाणं आधीच मोजून सांगा. "खंय जावचा?" म्हणून विचारलं तर घाबरू नका, कुठे जायचंय एवढंच विचारतायत. तुम्ही मालवणी बोलायचा प्रयत्न नाही केला तरी चालेल. शहरी माणसाचं ओढूनताणून 'येवा, कोकण आपलोच आसा' त्यांनी भरपूर ऐकलंय.

पाचवं: मधला पट्टा, दोन दिवस

कुडाळहून मालवणला नेरूरपारच्या रस्त्याने जा. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने तो १५३० साली बांधवला. तीन बाजूंनी झाडी, काठाला भगवतीचं देऊळ आणि हिरवंगार पाणी. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. इथे काही 'करायचं' नाही, पायऱ्यांवर बसायचं. शेजारी वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे, तेही तळ्याकाठीच.

मालवणला पोचल्यावर सिंधुदुर्ग किल्ला सकाळी पहिल्या होडीने करा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी याची पायाभरणी केली. ४८ एकरांचा विस्तार. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत जिल्ह्यातले दोन आहेत, हा आणि विजयदुर्ग. होडी किल्ल्याला लागेपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, तो तटाच्या वळणात लपवलेला आहे. होडीवाले साधारण तासाभरात परत बोलावतात. तेवढ्यात सगळं होत नाही, म्हणून आधीच थोडा जास्त वेळ मागून घ्या. आत शिवराजेश्वराचं देऊळ बघाच, ते राजाराम महाराजांनी बांधलं. आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी असू द्या, तटावर सावली नाही.

दुपार झोपेची. हे मी गंमतीने म्हणत नाही. बारा ते चार वाळू तापलेली असते आणि गावही झोपलेलं असतं. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो तो बघा. विकत काही घ्यायचं नसेल तर एका बाजूला उभे राहा, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायकांच्या वाटेत येऊ नका.

दुसरा दिवस तारकर्ली-देवबागचा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये देवबागची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. सकाळी लवकर होडीने गेलात तर डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते, पण ते पगारी नोकर नव्हेत. स्कूबा करणार असाल तर पोहता न येणाऱ्यांनाही जमतं, प्रशिक्षक धरूनच नेतो. पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, आणि एका प्रशिक्षकामागे किती जण. दमा, रक्तदाब किंवा कानाचं दुखणं असेल तर लपवू नका.

समुद्रात उतरण्याआधी हे वाचा

दरवर्षी बुडणाऱ्यांत बाहेरून आलेले पर्यटक असतात आणि ते बहुतेक वेळा ओहोटीला आत गेलेले असतात. ओहोटीचं पाणी शांत दिसतं आणि पाय ओढून नेतं. म्हणून भरती-ओहोटीचा हिशेब शिकून घ्या, कोळ्यांचा आणि आपल्या आजी-आजोबांचा तो फार सोपा आहे. कालनिर्णयात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. मिनिटाचा हिशेब नाही हा, अंदाज आहे, पण पाण्यात कधी जाऊ नये हे ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा किनाऱ्यावर उभी केलेली गाडीसुद्धा पाण्यात जाऊ शकते. वाळूत गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांना बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते पैसे द्यावे लागतात.

खाडीच्या मुखाशी, संगमावर अजिबात पोहू नका. तिथे तळ रोज बदलतो. आणि गावकरी "हय उतरा नको" म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

सहावं: दक्षिणेचा पट्टा

वेंगुर्ला हे मला जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं गाव वाटतं, उतरत्या कौलांचं आणि चढउतारांच्या रस्त्यांचं. सतराव्या शतकात इथे डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. काजू लावणाऱ्या माणसाला 'वेंगुर्ला' हे नाव कलमांमुळे ठाऊक असतं: इथल्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती. जवळच्या वायंगणीला समुद्री कासवं अंडी घालतात आणि हंगामात गावकरी कासव जत्रा भरवतात. पिल्लं समुद्राकडे निघालेली बघायला मिळाली तर टॉर्च आणि फ्लॅश दोन्ही बंद.

वेंगुर्ल्याहून खाली मोचेमाड, मग आरवली. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, ही श्रद्धा. पुढे शिरोडा. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह इथेही झाला. वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत शिक्षक होते. वेळागरचा किनारा सुरूच्या बनातून चालत गाठायचा. अगदी टोकाला रेडी, जिथला गणपती १९७६ साली खाणीत सापडला.

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे पाठ करा. सावंतवाडीच्या मोती तलावाला एक फेरी मारा, राजवाड्यात हातानं रंगवले जाणारे गंजिफाचे गोल पत्ते बघा आणि चितार आळीत लाकडी खेळणी. गंजिफा आणि खेळणी या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खेळणी घेताना लाकडी फळं आधी हातात धरून बघा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पोरं बरोबर असतील तर तिथे दोन तास सहज जातात.

सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर चढून आंबोली. उंची ६९० मीटरच्या आसपास आणि वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. बहुतेक लोक घाटातल्या मुख्य धबधब्याखाली भिजून, कणीस खाऊन परत जातात. शनिवार-रविवारी तिथे माणसंच कोसळत असतात. मधल्या वारी जा आणि रात्र तिथेच काढा. खरी आंबोली अंधार पडल्यावर सुरू होते. स्थानिक वाटाड्याबरोबर टॉर्च घेऊन निघालात की पानापानावर बेडूक, फांदीला वेटोळं घातलेला हिरवा चापडा, आणि आंबोलीवरूनच ज्याची ओळख झाली तो पिवळट पट्ट्यांचा भेक. वाटाड्याशिवाय जाऊ नका, चापडा विषारी आहे. पूर्ण बाह्या, बंद बूट आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी.

हिरण्यकेशी नदी जिथे गुहेतून उगम पावते, तिथल्या देवळाजवळच्या कुंडात इटुकले मासे आहेत. शिस्टुरा हिरण्यकेशी ही जात २०२० साली शास्त्रात नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात पाय सोडू नका, माशांना पोहे-चुरमुरे घालू नका.

आणखी जंगल हवं असेल तर दोडामार्गातलं तिळारीचं खोरं आहे, पण ते नवख्याने एकट्याने करायचं काम नाही. २००२ पासून तिथे कर्नाटकातून हत्ती येतात. गावकऱ्यांच्या बागा त्यांनी तुडवल्या आहेत, त्यामुळे "हत्ती बघायला आलोय" असं आनंदाने सांगत फिरू नका.

जेवण आणि रात्र

राहायला शक्यतो घरगुती जागा बघा, आणि जेवण सकाळीच सांगून ठेवा. इथे ताज्या मासळीचा स्वयंपाक होतो, फ्रीजमधून काढून वाढत नाहीत. सोमवारी, संकष्टीला, एकादशीला कित्येक घरांत वार पाळतात, तेव्हा माशांसाठी हट्ट धरू नका. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी किंवा हंगामात ओल्या काजूगरांची उसळ मिळते, आणि तुमचं काहीच नुकसान होत नाही.

सुरमई-पापलेट सगळीकडे मिळतं. इथे आल्यावर तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं मागा, तिसऱ्यांचं सुकं मागा. तिरफळ चावू नका, बाजूला काढा, नाहीतर जीभ तासभर बधीर. कोंबडी-वडे रात्री खाऊन लगेच प्रवास करू नये, हा अनुभवाचा सल्ला. न्याहारीला घावणे. कुणी शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि नारळाचा रस करून घालतो म्हणालं तर त्या दिवसाचा बाकीचा बेत रद्द करा.

तुळशीच्या लग्नानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. चहाच्या टपरीवर विचारा, "आज खंय दहिकालो आसा?" मध्यरात्रीनंतर देवळासमोर दशावतार सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तिकीट नाही, लिखित संवाद नाहीत, नट जागच्या जागी बोलतात. स्वेटर आणि बसायला चटई न्या. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मात्र वेगळी. तिची तारीख पंचांगातून काढत नाहीत, देवीचा कौल घेऊन ठरवतात. ती तारीख जाहीर झाली की आसपास खोली मिळणार नाही आणि रस्ते भरतील, हे धरून आपला बेत पुढेमागे करा.

थोडं वागण्याबद्दल

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोर ओलांडू नका. हात लावायचा असेल तर विचारून लावा, बहुतेक जण हसून जागा देतात. जांभ्याचा गडगा दिसला की आतली बाग कुणाची तरी आहे, आणि खाली पडलेला आंबाही त्याचाच. देवराईतून पानसुद्धा आणायचं नाही. बाटल्या वाळूत पुरून ठेवणाऱ्यांबद्दल लिहायला बसलो तर हा लेख छापता येणार नाही.

परतताना कोकम, आगळ (कोकमाचा दाट रस) आणि काजू बाजारपेठेतल्या जुन्या दुकानातून घ्या, हायवेवरच्या मोठ्या पाट्यांखालून नको. मालवणी खाजं शेवटच्या दिवशी घ्या, गुळाचं असल्यामुळे उकाड्यात चिकटतं. आगळाची बाटली पिशवीत उभी ठेवा आणि कपड्यांपासून लांब. त्याचा डाग निघत नाही, आणि कोकणकन्येच्या वरच्या बर्थवरून ती खालच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर गळाली तर मडगाव-मुंबई प्रवास फार लांब वाटतो.